८९१.४६३ च्या पुढे काय? एका तालुका वाचनालयाची फेरमांडणी

तालुक्याच्या गावातलं शासनमान्य सार्वजनिक वाचनालय. दाखल नोंदवहीत १८,४०० पुस्तकं, त्यातली बहुतेक मराठी. कर्मचारी तीन: ग्रंथपाल, लिपिक, शिपाई. पुस्तकं काउंटरच्या मागे, आत जायची वाचकाला मुभा नाही. वाचक छापील यादी चाळून क्रमांक सांगतो किंवा सरळ ‘काहीतरी ऐतिहासिक द्या’ म्हणतो, आणि शिपाई आतून पुस्तक आणून देतो. कार्यकारिणीने ठरवलं आहे की मुक्तद्वार करायचं, वाचकाला रॅकपर्यंत जाऊ द्यायचं. त्यासाठी सगळा संग्रह नव्याने लावायचा आहे.

हे वाचनालय कुठलंही एक नव्हे. या आकाराच्या वाचनालयांत जे नेहमी आढळतं ते एकत्र घेतलं आहे आणि पुस्तकांचे, जागेचे, वेळेचे आकडे हिशेब कळावा म्हणून धरले आहेत. वर्गांक, म्हणजे विषय दाखवणारे आकडे, मात्र ड्यूई दशांश पद्धतीतले, आहेत तसे.

जुनी पद्धत वाईट का नव्हती

पुस्तकाच्या पाठीवर ‘क ४३१२’ असं लेबल. क म्हणजे कादंबरी, ४३१२ म्हणजे या वाचनालयात आलेली चार हजार तीनशे बारावी कादंबरी. तसंच ना म्हणजे नाटक, च म्हणजे चरित्र, बा म्हणजे बालवाङ्मय, आणि कुठेच न बसणाऱ्यांसाठी सं, म्हणजे संकीर्ण. या पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे, पण बंदिस्त वाचनालयासाठी ती चोख आहे. नवीन पुस्तक नेहमी शेवटी जातं, म्हणून मागची पुस्तकं कधी सरकवावी लागत नाहीत. रिकामी जागा फक्त प्रत्येक वर्गाच्या शेपटाला ठेवली की भागतं. पडताळणीला नुसते आकडे मोजत गेलं की गहाळ पुस्तक कळतं. आणि वीस वर्षं नोकरी झालेल्या शिपायाला अर्धी यादी तोंडपाठ असते.

वाचक आत आला की हे सगळं कोसळतं. एका लेखकाच्या चोवीस कादंबऱ्या चोवीस ठिकाणी, कारण त्या वेगवेगळ्या वर्षी विकत घेतल्या. शेजारशेजारच्या दोन पुस्तकांत एकच नातं: दोन्ही एकाच महिन्यात आली. फळीपुढे उभं राहून वाचकाला काहीच उमगत नाही.

आधी मोजणी, मग वर्गीकरण

पहिली चूक इथेच होते: उत्साहाच्या भरात थेट वर्गांक द्यायला बसतात. मग जे पुस्तक नंतर काढूनच टाकायचं आहे त्यालाही नंबर, लेबल, संगणकातली नोंद असा खर्च होतो. क्रम असा हवा: पडताळणी, निर्लेखन (निकामी पुस्तकं नोंदीतून काढणं), मग वर्गीकरण.

नोंदवहीतल्या १८,४०० पैकी फळीवर सापडली १६,९००, सभासदांकडे ६००. उरलेली ९०० गहाळ. ती गहाळ म्हणून नोंदवायची, पण त्यांचे दाखल क्रमांक पुन्हा कुणाला द्यायचे नाहीत. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तकाची जन्मनोंद. ती दुसऱ्याच्या नावावर चढली की पुढच्या लेखापरीक्षणात गुंता होतो. सापडलेल्या आणि सभासदांकडच्या मिळून १७,५०० पैकी १,५०० पुस्तकं काढायची: पानं सुटलेली, वाळवी लागलेली, कायदा बदलल्यामुळे चुकीची ठरलेली किंवा जुन्या अभ्यासक्रमाची. निर्लेखनाला कार्यकारिणीचा ठराव आणि पुस्तकवार यादी लागते, त्याशिवाय रद्दीत काही जाऊ द्यायचं नाही. या ढिगात स्थानिक इतिहासाची पुस्तिका, गावच्या शाळेचा सुवर्णमहोत्सवी अंक, जुनी बखर असं काही मिसळलेलं असतंच. ते एका जाणत्या माणसाने हातात घेऊन बाजूला काढावं. फाटलेलं असलं तरी दुसरीकडे मिळणार नाही असं पुस्तक गावच्या वाचनालयाने सोडू नये.

उरली १६,०००: कादंबऱ्या ६,७००, कथासंग्रह २,१००, चरित्र-आत्मचरित्र १,४००, बालवाङ्मय १,६००, कविता, नाटक आणि ललित मिळून १,७००, आणि बाकी सर्व ज्ञानविषय २,५००.

अर्धं वाचनालय एकाच आकड्यावर

ड्यूईच्या पद्धतीत ज्ञानाचे दहा मोठे वर्ग, प्रत्येकाचे दहा विभाग, त्यांचे पुन्हा दहा. मेल्विल ड्यूईने ती १८७६ मध्ये छापली तेव्हा पुस्तिका अवघ्या ४४ पानांची होती आणि समोर होतं अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाचं ग्रंथालय. त्याच्या खुणा अजून दिसतात. धर्माच्या २०० या वर्गात बायबल आणि ख्रिस्ती धर्माने २२० पासून २८९ पर्यंतची जागा व्यापली आहे, आणि हिंदू धर्म २९४.५ मध्ये दाटीवाटीने. इंग्रजी कादंबरीला तीन आकड्यांत ८२३ मिळतं. मराठी कादंबरीला सहा आकडे लागतात.

ते सहा असे वाचायचे. ८ साहित्य. ८९ मुख्य युरोपीय भाषा सोडून इतर भाषांचं. ८९१ मध्ये भारतीय-आर्य भाषा येतात, ८९१.४ आधुनिक भारतीय-आर्य, ८९१.४६ मराठी. शेवटचा आकडा प्रकाराचा: १ कविता, २ नाटक, ३ कथात्म साहित्य, ४ निबंध, ५ भाषणं, ६ पत्रं, ७ विनोद. म्हणजे ८९१.४६३ हा मराठी कादंबरीचा वर्गांक, आणि कथासंग्रहाचाही, कारण ड्यूई दोन्हींना कथात्म साहित्यच मानतो.

आता वरचे आकडे पुन्हा पाहा. कादंबऱ्या आणि कथा मिळून ८,८००. एकूण संग्रहाचा ५५ टक्के भाग एकाच वर्गांकावर! ८,८०० पाठींवर तोच आकडा चिकटवणं म्हणजे गावातल्या सगळ्या घरांवर फक्त पिनकोड लिहिणं. मराठी सार्वजनिक वाचनालयात वाचकांची झुंबड जिथे असते नेमकं तिथेच ड्यूई काही सांगत नाही. बहुतेक फेरमांडण्या इथे फसतात. वर्गांक काटेकोर दिले जातात, प्रमाणपत्राच्या अभ्यासात शिकवलं तसे, आणि त्यापुढे फळीवर पुस्तकं कोणत्या क्रमाने लागणार हे कुणी ठरवलेलंच नसतं.

म्हणून निर्णय असा: कथात्म साहित्याला ड्यूई लावायचाच नाही. लेबलवर ‘कादं’ किंवा ‘कथा’, खाली लेखकचिन्ह, म्हणजे लेखकाच्या नावातली अक्षरं. ज्ञानविषय आणि कथेतर साहित्य ड्यूईने. अशा सरमिसळीला नाकं मुरडणारे असतात, पण ती जुनी आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावलेल्या विल्यम बॉर्डन यांनी बडोद्यासाठी दोन अमेरिकी पद्धती एकत्र करूनच वर्गीकरण बेतलं होतं.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची १९३३ ची द्विबिंदू पद्धत का नको, हा प्रश्न येतोच. विषयाची उकल त्यात ड्यूईपेक्षा नक्कीच बारकाईने होते. पण त्यात अक्षरं, अंक आणि विरामचिन्हं एकत्र येतात. बदली ग्रंथपालाला आणि फळी लावणाऱ्या शिपायाला ती वाचता येणं अवघड. पद्धत शिकायला वेळ देणारं विद्यापीठ असेल तर गोष्ट वेगळी.

लेखकचिन्ह: दोन अक्षरं म्हणजे किती?

रोमन लिपीत लेखकाच्या नावासाठी कटर या अमेरिकी ग्रंथपालाची तयार कोष्टकं आहेत. देवनागरीसाठी स्वतःच नियम करावा लागतो. सर्वसाधारण नियम म्हणजे आडनावाची पहिली दोन अक्षरं. इथे पहिला खड्डा. कुलकर्णी, जोशी, देशपांडे, पाटील, कदम यांची संख्याच एवढी की ‘कुल’ या एका चिन्हावर दीड-दोनशे पुस्तकं गोळा होतात. म्हणून आडनावाची दोन अक्षरं, मग रेघ, मग नावाचं पहिलं अक्षर, आणि खालच्या ओळीत शीर्षकाचं पहिलं अक्षर. पु. ल. देशपांडे ‘देश-पु’, गो. नी. दांडेकर ‘दांडे-गो’.

‘दांडे’ हीसुद्धा दोन अक्षरंच, कारण काना, मात्रा आणि अनुस्वारासह अक्षर मोजायचं. जोडाक्षर एक धरायचं: श्री एक अक्षर, क्षी एक अक्षर. माणसाला हे न सांगता कळतं, संगणकाला नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या प्रमाण पद्धतीत, ‘कु’ म्हणजे क आणि उकार अशी दोन चिन्हं. ‘पहिली दोन घे’ असं सूत्र लेबल छापायच्या तक्त्यात टाकलं की कुलकर्णींचं चिन्ह ‘कु’ निघतं, आणि श्रीखंडे यांचं ‘श्’, लंगडं. हाताने लिहिलेली लेबलं एका नियमाची आणि छापलेली दुसऱ्या नियमाची, असे दोन गट तयार झाले की तीन महिन्यांनी फळीवर दोन वेगळ्या रांगा दिसतात. उपाय साधा आहे: चिन्हाचा रकाना सूत्राने भरायचा नाही. लेखकांची एक यादी करायची, प्रत्येक लेखकाला चिन्ह एकदाच, हाताने, आणि पुढे त्या यादीतून निवडायचं. ८,८०० पुस्तकांचे लेखक काही हजारांत असतात. एकदा केलेली यादी कायमची उपयोगी पडते.

नावांचा घोळ मोठा आहे. राम गणेश गडकरी नाटकं त्या नावाने लिहीत, कविता गोविंदाग्रज म्हणून आणि विनोद बाळकराम म्हणून. वि. वा. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज. सुदैवाने या दोघांची पुस्तकं प्रकारानुसार आपोआप वेगळ्या रॅकवर जातात, त्यामुळे फळीवर फार बिघडत नाही. बिघडतं ते विभावरी शिरूरकरांसारख्या ठिकाणी. मूळच्या बाळूताई खरे, लग्नानंतर मालती बेडेकर, आणि गाजल्या त्या विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. नियम असा धरायचा की लेखकाच्या जास्तीत जास्त पुस्तकांच्या शीर्षकपृष्ठावर जे नाव, तेच चिन्हाला. दुसऱ्या नावाच्या जागी पुठ्ठ्याचा, पुस्तकाच्या उंचीचा ठोकळा: ‘बेडेकर मालती: शिरू-वि पाहा’. असे ठोकळे चाळीस-पन्नास लागतात. त्यांना कुणी पुस्तक समजून घरी नेत नाही, एवढी खात्री आहे.

वर्णमाला कुणाची

आता ही चिन्हं क्रमाने लावायची. बाराखडीप्रमाणे अनुस्वार शेवटून दुसरा, म्हणजे पंडित हे पौडवालांच्याही नंतर. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये अनुस्वार सर्वांच्या आधी, म्हणजे पंडित हे पवारांच्या, पाटलांच्या आधी. ळ शाळेत शिकलो तो ह नंतर, युनिकोडमध्ये तो ल आणि व यांच्या मधे. त्यामुळे काळे हे एका क्रमात काशीकरांच्या आधी आणि दुसऱ्यात नंतर. क्ष आणि ज्ञ वर्णमालेत शेवटी. संगणकाच्या हिशेबी क्ष म्हणजे पाय मोडलेला क आणि पुढे ष, म्हणून क्षीरसागर हे क च्या रांगेत, ‘कौ’ च्याही पुढे.

कोणता क्रम शुद्ध यावर समितीत तासभर वाद होतो आणि तो निष्फळ असतो. छापील यादी, संगणकाचा पडदा आणि फळी या तिन्हींचा क्रम एक हवा, इतकंच महत्त्वाचं. वापरात असलेलं सॉफ्टवेअर, मग ते कोहा असो की ई-ग्रंथालय, यादी कशी लावतं ते आधी दहा आडनावं टाकून पाहायचं: पंडित, पवार, पाटील, काळे, कालेलकर, काशीकर, क्षीरसागर, कदम, श्रीखंडे, शहा. जो क्रम येईल तोच फळीला लावायचा. ह च्या रॅकच्या शेवटी एक पाटी: ‘क्ष साठी क चा शेवट पाहा’.

जुन्या संगणकीय याद्या बऱ्याचदा युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये असतात. त्या बदलून घेताना रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडतात, म्हणून बदललेली यादी वाचल्याशिवाय आत घ्यायची नाही. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टंकता येतो, एकसंध चिन्हाने किंवा अ वर चंद्र देऊन. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ‘र’ही तसाच. दिसायला दोन्ही एक, पण शोधात एक सापडतो, दुसरा नाही. वाचक म्हणतो पुस्तक आहे, संगणक म्हणतो नाही, आणि दोघंही आपापल्या परीने खरं बोलत असतात. एक रूप ठरवून सगळ्या नोंदींत एकदाच बदलून घ्यायचं.

नियम मोडायच्या जागा

ड्यूईत अनुवादित साहित्य मूळ भाषेखाली जातं. शरच्चंद्रांच्या मामा वरेरकरांनी केलेल्या अनुवादांना बंगालीचा ८९१.४४३, भैरप्पांच्या उमा कुलकर्णींनी केलेल्या अनुवादांना कन्नडचा ८९४.८१४३, रशियनला ८९१.७३, इंग्रजीला ८२३. अभ्यासकाला हे सोयीचं. मराठीतून भैरप्पा वाचणाऱ्याला ते कादंबरीच्या रॅकवर, भ मध्ये हवे असतात. कथात्म साहित्याचा ड्यूई काढल्यामुळे हा प्रश्न आपोआप सुटतो: ‘कादं / भैर-ए’, आणि लेबलच्या कोपऱ्यात ‘अनु’. चिन्ह मूळ लेखकाचं, अनुवादकाचं नाही. अनुवादक संगणकातल्या नोंदीत शोधता यायलाच हवा, कारण अनुवादकाच्या नावावर भरवसा ठेवून पुस्तक उचलणारे मराठीत पुष्कळ आहेत.

चरित्रांचंही तसंच. ड्यूईचा पसंतीचा नियम सांगतो की चरित्र त्या व्यक्तीच्या क्षेत्राखाली ठेवा. शास्त्रज्ञाचं विज्ञानात, गायकाचं संगीतात. डॉ. आंबेडकरांचं चरित्र मग कायद्यात, अर्थशास्त्रात, राजकारणात की बौद्ध धर्मात? चारही उत्तरं बरोबर, आणि तिथेच घोटाळा. चार वर्षांत चार हातांनी ती चार ठिकाणी जातात. ड्यूईतच पर्याय दिला आहे की सगळी चरित्रं एकत्र ठेवावीत. तो घ्यायचा: ‘च’, आणि चिन्ह चरित्रनायकाच्या नावाचं, लेखकाचं नव्हे. ‘च / आंबे-भी’. आंबेडकरांची पंधरा चरित्रं एकाशेजारी एक. १,४०० पुस्तकांचं काम पटकन उरकतं, ते वेगळंच.

संतसाहित्यावर मात्र थांबून विचार लागतो. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, म्हणून २९४.५९२४. तुकारामांची गाथा अभंगांची, म्हणजे मराठी कविता, ८९१.४६१. तर्क दोन्हींचा निर्दोष, आणि परिणाम असा की गाथा आणि ज्ञानेश्वरी यांच्यामध्ये समाजशास्त्र, विज्ञान, शेती, स्वयंपाक आणि क्रिकेट. वारकरी वाचकाला हे समजावून सांगायचं धाडस कुणी करू नये. ‘संत’ असा वेगळा रॅक, आत संतांच्या नावाने क्रम, प्रत्येक संतापाशी आधी मूळ ग्रंथ, मग सार्थ आवृत्त्या, मग निरूपणं. संतकवितेची वाङ्मयीन समीक्षा मात्र साहित्यातच ठेवायची. तिचा वाचक निराळा.

गडकिल्ले हे दुसरं उदाहरण, इथे उलटा निर्णय चालतो. किल्ल्यावर कसं जायचं ते सांगणारं पुस्तक प्रवासात, ९१५.४७९२. किल्ल्याचा इतिहास महाराष्ट्राच्या इतिहासात, ९५४.७९२. तटबंदी आणि बुरुजांची रचना ६२३.१. हे तीन वाचक खरंच वेगळे असू शकतात, पण महाराष्ट्रात ते बहुधा एकच माणूस असतो, पाठीवर सॅक घेतलेला. पुस्तकं साठ-सत्तरच असतील तर सगळी ९५४.७९२ ला आणावीत आणि ९१५.४७९२ ला ‘गडकिल्ले: ९५४.७९२’ असा ठोकळा ठेवावा. दोनशेच्या वर गेली तर वेगळी करण्यात अर्थ आहे.

शेतीत वर्गांक आखूड करू नये. सगळं ६३० ला टाकलं की द्राक्षबागायतदाराला दीडशे पुस्तकं उपसावी लागतात. ६३४.८ द्राक्ष, ६३३.६१ ऊस, ६३६.२ गायीगुरं. बाकी ठिकाणी दशांशानंतर दोन-तीन आकडे पुरे. योगासाठी दोन जागा ठेवाव्यात: आसनं ६१३.७०४६, योगदर्शन १८१.४५.

असा प्रत्येक निर्णय एका जाड वहीत, तारखेसह. काय ठरलं, का ठरलं, उदाहरण कोणतं. ग्रंथपाल बदलला की ड्यूईचे खंड नव्या माणसाला मिळतील, हे निर्णय कुठे मिळणार? निर्णयवही नसलेल्या वाचनालयात दर ग्रंथपालागणिक संतसाहित्य स्थलांतर करतं.

वेळ आणि जागा

कथात्म, चरित्र, बालवाङ्मय ही ११,८०० पुस्तकं दर पुस्तकी दोन मिनिटांत होतात, म्हणजे सुमारे ३९३ तास. उरलेल्या ४,२०० ना शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका, प्रस्तावना पाहून वर्गांक शोधावा लागतो. सहा मिनिटं धरली तर ४२० तास. पाव संग्रह निम्म्याहून जास्त वेळ खातो. मराठी पुस्तकावर तयार वर्गांक सहसा छापलेला नसतो, त्यामुळे यात पळवाट नाही. दोन माणसं, देवघेव सांभाळून रोज चार-चार तास: शंभरेक कामाचे दिवस.

जागेचा हिशेब जास्त बोचतो. ९० सेंटिमीटरच्या फळीवर दोन सेंटिमीटर जाडीची ४५ पुस्तकं ठासून बसतात. पण आता पुस्तकं शेवटी नव्हे, मधेच घुसणार, म्हणून प्रत्येक फळी पाव रिकामी हवी: ३३ पुस्तकं. सभासदांकडची ६०० वगळून १५,४०० पुस्तकांना ४६७ फळ्या, म्हणजे दुतर्फा दहा फळ्यांचे ४७ रॅक. बारा मीटरच्या दालनात जुन्या मांडणीत ५० सेंटिमीटरचा रॅक आणि ६० सेंटिमीटरची बोळ, म्हणून दहा ओळी बसत. मुक्तद्वारात बोळ किमान एक मीटर हवी. एक जण खाली बसून पुस्तक पाहत असताना दुसऱ्याला जाता आलं पाहिजे. मग ओळी आठच. ओळीत सहा रॅक, एकूण ४८. लागतात ४७. नकाशावर बसतं, पण पुढच्या पुस्तकांसाठी एकच रॅक. म्हणून दहा वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली दोनेक हजार पुस्तकं मागच्या खोलीतल्या भांडारात, संगणकावर ‘भांडार’ अशा खुणेसह. बाहेरच्या फळ्यांतून किमान ६० मोकळ्या होतात. दिवाळी अंकांना या हिशेबात घेऊ नये. त्यांना वर्गांक नको: वर्ष, मग अंकाचं नाव.

लेबल आणि स्थलांतर

लेबल पुस्तकाच्या पाठीवर, तळापासून चार सेंटिमीटरवर, सगळ्यांना एकाच उंचीवर. त्यासाठी लाकडी पट्टीला खाच पाडून घ्यावी. कवितासंग्रहांची पाठ सेंटिमीटरभरही नसते. तिथे लेबल मुखपृष्ठावर, पाठीला लागून, खालच्या कोपऱ्यात. इंकजेटची शाई दमट हातांनी पसरते, लेझरची टिकते. वरून पारदर्शक पट्टी, लेबलच्या चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर बाहेर, नाहीतर कडा आधी सुटतात. आणि बोधांक, म्हणजे लेबलवरचा हाच मजकूर, शीर्षकपृष्ठाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला असलाच पाहिजे. लेबलं गळणारच, पावसाळ्यात जास्त.

एक आकडा तपासून घ्यावा. मराठी शब्दकोशाचा वर्गांक ४९१.४६३ आहे, ८९१.४६३ शी नातं सांगणारा. ८ आणि ४ यांची अदलाबदल झाली की मोल्सवर्थचा शब्दकोश साहित्यात आणि कथासमीक्षेचं पुस्तक कोशांत.

स्थलांतरासाठी चार दिवस वाचनालय बंद. त्याआधी प्रत्येक रिकाम्या फळीवर कागदी पट्टी चिकटवलेली: कोणत्या बोधांकापासून कोणत्यापर्यंत. पुस्तकं शेल्फ लिस्टच्या (फळीवरच्या क्रमाने केलेल्या यादीच्या) क्रमाने ट्रॉलीवर, ट्रॉलीला क्रमांक, आणि ट्रॉलीचा क्रम मोडायचा नाही. पहिल्या दिवशी फक्त ज्ञानविषय हलवावेत. ते कमी असतात आणि चुका तिथेच कळतात.

फळी लावणाऱ्यांची ठरलेली चूक दशांशाची. ६१३.७०४६ मधला ७०४६ मोठा वाटतो म्हणून ते ६१३.७१ च्या पुढे ठेवलं जातं. बिंदूनंतर आकडा एकेक करून वाचायचा: ७ ला ७, मग ० आणि १, शून्य आधी. ही गोष्ट तोंडी सांगून भागत नाही. वीस लेबलांच्या चिठ्ठ्या करून लावायला द्याव्यात, दोनदा बरोबर लागल्या की मगच ट्रॉली हातात.

मुक्तद्वार सुरू झाल्यावर वाचक पुस्तक काढतात, चाळतात आणि बरोबर जागी परत ठेवल्याच्या समाधानात चुकीच्या जागी ठेवतात. म्हणून प्रत्येक ओळीच्या तोंडाशी टेबल आणि पाटी: ‘काढलेलं पुस्तक इथे ठेवा.’ शिवाय रोज उघडण्याआधी एका ओळीची फळीवाचणी, म्हणजे पुस्तकं क्रमाने आहेत का ते पाहणं. आठ दिवसांत दालन पूर्ण होतं. ज्ञानविषयाचं पुस्तक कादंबऱ्यांत घुसलं तर लगेच दिसतं. खरी डोकेदुखी ‘देश-पु’ आणि ‘देश-सु’ यांची अदलाबदल, कारण डोळा ‘देश’ वर थांबतो. अशा दाट चिन्हांवर लेबलचा रंगच बदलावा.

पहिली अडचण येते वर्ष-दीड वर्षाने. वर्षाला पाचशे पुस्तकं येतात, पण ती सगळ्या फळ्यांवर सारखी पडत नाहीत. द आणि प च्या फळ्या भरतात, ड च्या तशाच मोकळ्या. दर मे महिन्यात परीक्षा संपल्यावर, शाळकरी सभासदांची गर्दी व्हायच्या आत, कथात्म साहित्याच्या भरलेल्या फळ्या दोन दिवस लावून सरकवायच्या आणि कागदी पट्ट्या बदलायच्या. पट्टी बदलायची राहिली की वाचक जुन्या जागी शोधतो, काउंटरवर येऊन ‘पुस्तक बाहेर आहे का?’ विचारतो, आणि संगणक सांगतो की आतच आहे.